पागोळ्या मागून गळू लागल्या की: जुन्या घराच्या कुजलेल्या फेशिया फळ्यांची दुरुस्ती

आमचं न्यू जर्सीतलं घर १९६२ सालचं, स्प्लिट लेव्हल. तीन वर्षांपूर्वी जूनमध्ये आई इथे आली असताना दुपारी जोराची सर आली. ती गॅरेजच्या दारात उभी राहून पाऊस बघत होती. मला हाक मारून म्हणाली, "अरे, या पागोळ्या पन्हळीच्या पुढून नाही पडत, मागून गळताहेत. तुझी वळचण आतून ओली राहात असणार." तिचं लहानपण कोकणात, कौलारू घरात गेलं. पाणी कुठून उतरतं आणि कुठे मुरतं हे तिला बघताक्षणी कळतं.

पाऊस थांबल्यावर शिडी लावली आणि फळीवर चढवलेल्या पांढऱ्या ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर अंगठा दाबला. अंगठा आत गेला. पत्रा उचकटला तर मागची फळी चहात बुडवलेल्या टोस्टसारखी हातात आली. हा पत्रा पाच वर्षांपूर्वी एका कंत्राटदाराने "आता आयुष्यभर रंग नको" असं सांगून बसवला होता. फळी तेव्हाच कुजायला लागली असणार. पत्र्याने ती झाकली आणि आत शिरलेलं पाणी वाळूही दिलं नाही.

ते काम मी आणि माझ्या मित्राने मिळून केलं. नंतर आणखी दोन ओळखीच्या घरांवरही केलं. लेख लिहिताना डोळ्यांसमोर अमेरिकेच्या ईशान्येकडची १९५० ते १९८०च्या दरम्यान बांधलेली लाकडी घरं आहेत. आपल्यातल्या पुष्कळ जणांनी इथे अशीच घरं घेतली आहेत.

फळी कुठली, आणि ती का कुजते

छपराचे वासे भिंतीच्या बाहेर डोकावतात. त्या वाशांच्या तोंडावर आडवी ठोकलेली लांब फळी म्हणजे फेशिया. तिच्या पुढे पन्हळ टांगलेली असते. खालून वाशांचं पोट झाकणारी फळी किंवा जाळी म्हणजे सॉफिट. वळचण, वासे, पागोळी, पन्हळ हे सगळे शब्द आपल्याकडे आहेतच. ते वापरले की पाण्याची वाट समजायला सोपं जातं, म्हणून इथेही तेच वापरतो आहे.

लाकूड कुजवणारी बुरशी ओल असल्याशिवाय वाढत नाही. लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या खाली राहिला तर बुरशी डोकं वर काढत नाही. सतत २८ ते ३० टक्क्यांवर राहिला की ती लाकूड खाऊ लागते. इथे लोक "ड्राय रॉट" म्हणतात, पण कोरडं लाकूड कुजत नाही. फळी कुजली याचा अर्थ तिथे पाणी येतं आणि वाळायला वेळ मिळत नाही. ते पाणी कुठून येतं हे सापडेपर्यंत नवी फळी विकत आणू नका. वाट तशीच राहिली तर नवी फळीही दोन-चार वर्षांत त्याच जागी मऊ पडेल.

पाण्याच्या नेहमीच्या वाटा तीन-चारच आहेत. सगळ्यात मोठी म्हणजे छपराच्या काठाला ड्रिप एज नसणं. ड्रिप एज ही इंग्रजी एल अक्षरासारखी वाकवलेली धातूची पट्टी. एक बाजू शिंगलखाली (शिंगल म्हणजे छपरावर कौलांसारखे एकावर एक लावलेले चपटे तुकडे) छपरावर, दुसरी फळीच्या पुढे खाली लोंबणारी. जुन्या घरांना ती बहुतेक नसतेच. ती नसली की पाणी शिंगलच्या कडेवरून उलटं वळून छपराच्या प्लायवूडच्या काठात आणि तिथून फळीच्या मागे जातं. आईला दिसलेल्या पागोळ्या याच.

दुसरी वाट तुंबलेल्या पन्हळीची. ओकची पानं आणि मेपलच्या बिया साचल्या की पन्हळ काठोकाठ भरते आणि पाणी मागच्या कडेवरून फळीवर जातं. तिसरी वाट जुन्या पन्हळीच्या खिळ्यांची. पूर्वी पन्हळ सात-सात इंची लांब खिळ्यांनी आरपार ठोकत. थंडी-उन्हाने ते सैल होतात आणि प्रत्येक भोक पाणी थेट वाशाच्या तोंडात नेऊन सोडतं. हिवाळ्यात छपराच्या काठाशी बर्फाचा बांध धरला की त्यामागे साठलेलं पाणी शिंगलखाली चढतं. त्यावरचा खरा उपाय माळ्यावरच्या इन्सुलेशनचा आणि हवा खेळती ठेवण्याचा आहे. तो वेगळा विषय.

आणि भुंगे. एप्रिल-मेमध्ये फळीच्या खालच्या कडेला अर्ध्या इंचाचं, ड्रिलने पाडल्यासारखं गोल भोक दिसलं आणि खाली पिवळसर भुसा पडलेला असला, तर तो लाकूड पोखरणारा भुंगा. लाकूड पोखरणारा भुंगा कमळाच्या पाकळ्यांत अडकतो, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. इथे तो अडकत नाही. आत जाऊन काटकोनात वळतो आणि फळीच्या लांबीने बोगदा करतो. पुढच्या वर्षी त्याचीच पिल्लं तो बोगदा लांबवतात आणि अळ्या खायला सुतारपक्षी येऊन फळी फोडतो. त्याला रंग न दिलेलं, उघडं लाकूड आवडतं. फळीच्या मागच्या बाजूला आणि खालच्या कडेला रंग नसतो, म्हणून सुरुवात तिथून होते.

तपासणी

भर पावसात एकदा घराभोवती छत्री घेऊन फिरा आणि पन्हळीच्या मागून थेंब कुठे पडतात ते फोनवर टिपून ठेवा. कोरड्या दिवशी शिडीवरून बोथट स्क्रूड्रायव्हर किंवा टोचा घेऊन फळीत टोचत जा, दर फुटाला एकदा. जास्त लक्ष द्यायच्या जागा म्हणजे कोपरे, दोन फळ्यांचे सांधे, पन्हळीचं उतरतं नळकांडं असतं ती जागा आणि वरचं छप्पर खालच्या भिंतीला भिडतं तो कोनाडा. चांगल्या लाकडात टोक शिरत नाही, कुजलेल्यात शांतपणे बुडतं. वरून रंग गुळगुळीत आहे म्हणून सोडून देऊ नका. रंगाचा पापुद्रा शाबूत राहून आतलं लाकूड गेलेलं मी दोनदा पाहिलं आहे.

पत्रा चढवलेला असेल तर खालच्या कडेने थोडासा सोडवून आत बघा. पत्र्यावरून ठोकलेल्या खिळ्यांभोवती गंजाचे ओघळ असले तर आत पाणी आहे असंच धरून चाला.

हात लावण्याआधी

यातली एकही गोष्ट टाळू नका.

घर १९७८ पूर्वीचं असेल तर रंगात शिसं असू शकतं. लहान मुलांना शिशाची धूळ अतिशय घातक असते. कंत्राटदार लावणार असाल तर २०१०पासून लागू झालेल्या पर्यावरण खात्याच्या नियमाप्रमाणे त्याच्याकडे शिशाच्या कामाचं प्रमाणपत्र आहे का ते मागून बघा. स्वतः करणार असाल तर तो नियम लागू होत नाही, धूळ मात्र तीच असते. जमिनीवर भिंतीपासून दहा फूट प्लास्टिक अंथरा, खिडक्या बंद करा, रंग पाण्याने ओला करून खरवडा, सँडर चालवू नका, मास्क साधा कापडी नको. काम संपल्यावर कपडे वेगळे धुवा. मुलं, गरोदर बाई घरात असेल तर त्या दिवशी त्यांना दुसरीकडे पाठवा.

सॉफिटच्या जागी जुने राखाडी, सिमेंटसारखे कडक पत्रे असतील तर त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं. तपासून घेईपर्यंत ते फोडू नका, त्यांना भोकं पाडू नका.

विजेची तार रस्त्यावरून येऊन बऱ्याच घरांत नेमकी वळचणीपाशी घराला मिळते. त्या तारेपासून निदान दहा फूट लांब राहा. फळीचा तेवढा तुकडा बदलायचा असेल तर वीज कंपनीला फोन करून तार सोडवून घ्या. ॲल्युमिनियमची शिडी आणि ॲल्युमिनियमची लांब पन्हळ दोन्ही वीज वाहतात.

शिडीचे पाय चार फूट उंचीमागे भिंतीपासून एक फूट लांब, या हिशेबाने लावा. शिडी पन्हळीला टेकवू नका. शिडीच्या वरच्या टोकाला बसणारा रुंद आडवा दांडा मिळतो, स्टँड-ऑफ म्हणतात त्याला. तो भिंतीला किंवा छपराला टेकतो आणि फळी समोर मोकळी राहते. दुसऱ्या मजल्याच्या वळचणीसाठी मी शिडी वापरत नाही. दोन दिवसांसाठी मचाण भाड्याने आणतो. एका हाताने फळी धरून दुसऱ्याने खिळा ठोकताना शिडीवर तिसरा हात उरत नाही.

ठिगळ लावायचं की फळी बदलायची

कुज हाताच्या पंजाएवढी असेल, फळीच्या एकाच बाजूला असेल आणि मागचं वाशाचं तोंड टणक असेल तर ठिगळ पुरतं. मऊ झालेलं सगळं लाकूड पटाशीने काढा, अगदी टणक लाकूड लागेपर्यंत. दोन-तीन दिवस उन्हात वाळू द्या. मग पातळ इपॉक्सी (दोन घटक मिसळले की कडक होणारी राळ) पाजा. ती तंतूंत शिरून लाकूड घट्ट करते. त्यावर इपॉक्सीची लांबी (पुट्टी) भरा, वाळल्यावर घासून रंग द्या. साधी भिंतीची किंवा लाकडाची लांबी इथे चालत नाही, एका हिवाळ्यात निघून येते. जुन्या फळीचं लाकूड बहुतेक वेळा आजच्या बाजारातल्या पाइनपेक्षा दाट असतं. ते वाचवता आलं तर मला बरं वाटतं.

यापेक्षा मोठी कुज असेल तर फळी बदला. तेव्हाही सगळी बदलायची गरज नसते. कुजलेल्या भागाच्या दोन्ही बाजूंना फूटभर चांगलं लाकूड सोडून, जवळच्या वाशाच्या मध्यावर काप घ्या.

कुठलं लाकूड

दुकानात तुकडे जोडून केलेली, प्रायमर लावलेली पाइनची फळी सर्वांत स्वस्त मिळते. वळचणीला ती लावू नका. तिचा प्रायमर पातळ असतो आणि जोड पाणी धरतात. लाकूडच हवं असेल तर अखंड सीडर घ्या.

पन्हळीच्या मागे जिथे परत रंग देता येणार नाही, तिथे मी पीव्हीसीची ट्रिम फळी वापरतो. ती कुजत नाही आणि भुंगा तिला शिवत नाही. पण ती उन्हाने वाढते आणि थंडीने आकसते. अठरा फुटांमागे साधारण १/८ इंचाची जागा सोडावी लागते. तिला स्वतःची ताकद कमी, त्यामुळे मागे वाशांचा किंवा दुसऱ्या फळीचा भक्कम आधार हवाच. पन्हळीचे स्क्रू तिच्यातून आरपार आतल्या लाकडात गेले पाहिजेत. तिला गडद रंग देऊ नका. गडद रंगाने ती तापते आणि वाकते.

मापाबद्दल एक गोष्ट. आज "१ बाय ६" म्हणून मिळणारी फळी प्रत्यक्षात पाऊण इंच जाड आणि साडेपाच इंच रुंद असते. "१ बाय ८" सव्वासात इंच. जुन्या घराची फळी याहून जाड किंवा रुंद निघू शकते. आधी एक फळी काढून मोजा, मगच दुकानात जा.

काम

मे-जून किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर निवडा. रंगाला १० अंश सेल्सिअसच्या वर तापमान आणि दोन-तीन कोरडे दिवस लागतात. एका वेळी घराची एकच बाजू उघडा. संध्याकाळपर्यंत ती बंद करता आली पाहिजे.

पन्हळ आधी उतरवा. अखंड ॲल्युमिनियमची चाळीस फूट पन्हळ मध्ये वाकली की पुन्हा सरळ होत नाही. दोघं टोकांना आणि एक जण मधे, असे तिघं हवेत. जुने लांब खिळे ओढून काढू नका. पन्हळीच्या आतून खिळ्यावरची नळी धरा आणि खिळा पहारीने हळूहळू सरकवा. कुठला ब्रॅकेट कुठे होता हे पन्हळीवर पेन्सिलने लिहून ठेवा.

आता फळी. वरच्या कडेला शिंगल फळीवर चिकटलेली असतात, ती रुंद सुरीने सोडवून घ्या. थंडीत शिंगल तुटतात आणि फार उन्हात चिकटतात, म्हणून सकाळची वेळ बरी. चपटी पहार वाशाजवळ, खिळ्यापाशी घाला. मधेच घातली तर फळी फुटते आणि सॉफिटही उखडतं. खिळे फळीसोबत आले नाहीत तर वाशाच्या तोंडाशी छाटून टाका.

फळी निघाली की थांबा आणि नीट बघा. या कामातला मोलाचा अर्धा तास हाच. प्रत्येक वाशाचं तोंड टोचा. छपराच्या प्लायवूडचा काठ खालून बोटाने चाचपा. आमच्या घरी बावीसपैकी चार वाशांची टोकं तीन-तीन इंच मऊ होती आणि एका ठिकाणी मुंग्यांनी आतून गाळा करून ठेवला होता.

टोक इंच-दोन इंचच गेलं असेल तर मऊ भाग काढून, वाळवून, बोरेटचं द्रावण पाजा आणि इपॉक्सीने भरा. बोरेट बुरशी आणि किडे दोघांनाही मारतं, पण पावसाने धुऊन जातं. त्यामुळे त्यावर रंग किंवा फळीचं आवरण आलंच पाहिजे. त्याहून जास्त गेलं असेल तर सॉफिट उघडून वाशाला जोडवासा द्या. म्हणजे तेवढ्याच मापाचं नवं लाकूड त्याच्या अंगाला लावून बोल्टने किंवा जाड स्क्रूने आवळा. जोडवाशाने चांगल्या लाकडावर निदान कुजलेल्या भागाच्या दुप्पट-तिप्पट लांबी धरली पाहिजे. कुज भिंतीवरच्या आडव्या लाकडापर्यंत पोहोचली असेल, किंवा छप्पर मधेच खचलेलं दिसत असेल, तर तिथेच थांबा आणि अनुभवी सुताराला बोलवा. छपराचं वजन कशावर आहे हे कळल्याशिवाय तिथे करवत चालवायची नाही.

नवी फळी कापण्याआधी दोन टोकांच्या वाशांना खिळे ठोकून घट्ट सुतळी ताणा. साठ वर्षांच्या घरात सगळे वासे एका रेषेत नसतात. आत गेलेल्या वाशापुढे पातळ चिपा ठोका, पुढे आलेला रंध्याने थोडा उतरवा. ही रेष चुकली तर पन्हळ लाटेसारखी दिसते आणि पाणी मधेच साठतं.

वाशांची तोंडं उभी कापलेली असतील तर फळीची वरची कड छपराच्या उताराच्या कोनात तिरकी कापा, म्हणजे ती प्लायवूडला खालून नीट भिडेल. खालची कड सॉफिटपेक्षा अर्धा इंच खाली राहू द्या. पाणी तिथून टपकतं, आत वळत नाही. दोन फळ्यांचा सांधा नेहमी वाशाच्या मध्यावर घ्या आणि दोन्ही तोंडं ४५ अंशांत तिरकी कापा. सरळ कापलेला सांधा आकसला की फट उघडी पडते, तिरका आकसला तरी मागे लाकूडच दिसतं.

आता प्रायमर. सहाही बाजूंना द्या. पुढे, मागे, वर, खाली आणि दोन्ही तोंडं. फळीचं कापलेलं तोंड म्हणजे तंतूंच्या उघड्या नळ्या. ते पाणी सर्वांत वेगाने पितं, म्हणून तिथे दोन हात द्या. शिडीवर चढून पुन्हा थोडं कापावं लागलं तर तो नवा कापही तिथल्या तिथे रंगवा, प्रायमरचा छोटा डबा खिशात ठेवा. कुजलेल्या दहा फळ्या उलटून पाहिल्या तर नऊ मागून कोऱ्या निघतात.

ठोकताना गरम झिंक चढवलेले किंवा स्टेनलेस, खाचांचे अडीच इंची खिळे वापरा, प्रत्येक वाशावर दोन. सीडरला स्टेनलेसच लागतात, नाहीतर खिळ्याखालून काळे ओघळ येतात. टोकाजवळ ठोकण्याआधी भोक पाडून घ्या.

फळी बसली की ड्रिप एज. हीच कामाची किल्ली आहे. ती शिंगलखाली सरकवा, दर फुटाला एक खिळा, तुकड्यांचा सांधा दोन इंच एकमेकांवर. तिची खालची कड फळीला चिकटून नको, थोडी पुढे झुकलेली हवी. छपराच्या काठाला बर्फासाठीचा चिकट पडदा असेल तर वळचणीला ड्रिप एज त्याच्या खाली जाते. शिंगल इतकी जुनी असतील की उचलताना तुटतात, तर हे काम छप्पर बदलायच्या वेळी करणंच शहाणपणाचं.

मग पन्हळ. तिची मागची कड ड्रिप एजच्या मागे गेली पाहिजे, म्हणजे पट्टीवरून उतरणारं पाणी पन्हळीतच पडेल. पट्टी आखूड पडत असेल तर पन्हळीत उतरणारी रुंद पट्टी वेगळी मिळते, ती आधी लावा. उतार दहा फुटांमागे पाव इंच. लांब खिळ्यांऐवजी आतून बसणारे स्क्रूचे ब्रॅकेट दर दोन फुटांना लावा, बर्फ पडणाऱ्या भागात दर सोळा इंचांना. स्क्रू शक्य तितके वाशातच जाऊ द्या. शेवटी पाइपने पाणी सोडून बघा. पाणी कुठे थबकलं तर तिथला ब्रॅकेट सैल करून उचला.

बाहेरून दोन हात ॲक्रिलिक रंग. सांध्यांवर रंग देता येईल असं सीलंट. फळी आणि ड्रिप एजच्या मधली फट मात्र सीलंटने बुजवू नका. चुकून आत गेलेलं पाणी तिथूनच बाहेर पडतं. हे सांगूनही एका मित्राने ती फट मन लावून बुजवली होती आणि पुढच्या वसंतात आम्ही दोघांनी ती पटाशीने उघडली.

चाळीस फुटांच्या एका बाजूला आम्हाला दोन पूर्ण दिवस लागले. त्यातला अर्धा दिवस वाशांच्या दुरुस्तीचा.

नंतर

वर्षातून दोनदा पन्हळ साफ करा. मेपलच्या बिया पडून गेल्यावर जूनमध्ये एकदा आणि पानगळ संपल्यावर एकदा. एप्रिलमध्ये खालच्या कडेला भुंग्याची भोकं शोधा. सापडली तर शरद ऋतूत, आत कोणी नाही याची खात्री करून, लाकडी खुंटी ठोकून रंगवा.

आणि काम झाल्यावरच्या पहिल्या मोठ्या पावसात बाहेर उभे राहून पन्हळीच्या मागे बघा. थेंब दिसले तर आधी तेवढ्या भागातले ब्रॅकेट सोडवून पन्हळीची मागची कड ड्रिप एजच्या पुढे तर राहिलेली नाही ना, ते तपासा.